चक्री धरणाऱ्या सुमनकाकू

संक्रांतीला सगळं हुडकेश्वर आभाळाकडे बघायचं आणि आमच्या शेजारच्या सुमनकाकू मात्र हातातल्या चक्रीकडे. पतंग काका उडवायचे, मांजाची चक्री तीस वर्षं काकूंनी धरली. काकांचा हातमाग सुटला, पण सुताचा नाद काही सुटला नाही. "वर काहून पाहू? चक्री हातातच सांगते सारं," म्हणत काकू हुकूम सोडायच्या, "ढील द्या जी! आता खेचा!" काका एरवी कुणाच्या बापाचं ऐकत नसत, पण गच्चीवर मुकाट ऐकायचे.

गेल्या वर्षी समोरच्या गच्चीवरच्या गुलाबरावांनी काकांचा शेवटचा पतंग कापला. "पुढच्या संक्रांतीले पाहतो तुले!" काकांनी ओरडून बजावलं. श्रावणात काका गेले.

काकू रडल्याच नाहीत. तेरवीलासुद्धा आल्यागेल्याला चहा विचारत फिरत होत्या. आम्हाला त्याचीच धास्ती वाटायची.

संक्रांत आली. वर्ष व्हायचं होतं, त्यामुळे घरात तिळगूळ नाही, काही नाही. आणि सकाळीच काकू माझ्या दारात, हातात काकांची चक्री! "चाल गा, धर हे. आज मी उडवतो."

त्यांच्या जाऊबाई आडव्या आल्या. "वर्ष नाही सरलं, अन् सण करून राहिली का वं?"

"सण कुठं करून राहिलो? त्याहीचा पेच बाकी हाय, तेवढा घेतो," म्हणत काकू जिना चढल्यासुद्धा.

मी जन्मात चक्री धरली नव्हती. काकूंनी पहिले दोन पतंग दहा मिनिटांत घालवले. तिसरा मात्र चढला. गुलाबरावांचा लाल पतंग आडवा आला, पेच पडला आणि माझा जीव वरखाली! चक्री हिसके द्यायला लागली. ती हातात सांगते म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. "ढील द्या काकू!" मी ओरडलो. त्यांनी सरसर दिली, मग एकच झटका. लाल पतंग हेलकावे खात निघाला.

"ओऽऽ काट!" साठीच्या काकू अक्षरशः नाचल्या. समोर गुलाबरावांनी हात जोडले. त्याच आनंदात काकू गर्रकन मागे वळल्या, "पाह्यलं का जी?"

चक्रीमागे मी होतो.

पाच महिन्यांचं रडू एकदम फुटलं. मलाही आवरेना. त्यांना धरायला म्हणून मी चक्री खाली ठेवू लागलो, तर हुंदक्यातूनच त्या ओरडल्या, "चक्री नको सोडू गा! पतंग अजून वर हाय!"