रेंज मिळेपर्यंत

छत्रीबागेतल्या स्मिता बोधनकर शाळेत गणित शिकवतात. दीड वर्षापूर्वी त्यांच्या नवऱ्याच्या, सुधाकररावांच्या हृदयात स्टेंट बसला आणि तेव्हापासून बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. तास संपला की घरी फोन, मधल्या सुट्टीत फोन. सुधाकरराव आंघोळीला गेले की या दाराबाहेर घुटमळत. "अहो, मधूनमधून आवाज देत राहा."

शेवटी शाळेतल्या देवयानीने परस्पर त्यांचं नाव जानापावच्या ट्रेकमध्ये घातलं. दुपारी डोंगर चढायचा, रात्री पायथ्याशी तंबूत मुक्काम. सुधाकरराव म्हणाले, "जा ना. एका दिवसाने मला काय होतंय?"

त्या गेल्या, पण मन घरीच राहिलं. पायवाट उभी, वर सागाचा वाळका पाला, त्यावरून पाय घसरायचा. ग्रुपमधली कॉलेजची पोरं दम खात, फोटो काढत रेंगाळत होती. बाईंनी चौथ्यांदा फोन काढला, तर रेंजच गेलेली.

"मी खाली जाते," त्या ग्रुप नेणाऱ्या यतीनला म्हणाल्या.

यतीन पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवतो आणि शनिवार-रविवारी लोकांना डोंगरावर नेतो. तो म्हणाला, "मॅडम, एकट्या नका उतरू. अन् खाली तरी कुठे रेंज आहे? वर मंदिरापाशी येते."

झालं. सगळ्यांत मागे असलेल्या बाई चढू लागल्या. मुळं धरून, कुठे चक्क हात टेकत. "आंटीजी तो उड़के जा रही हैं, भिया!" मागून कोणीतरी ओरडलं. छातीत धडधडत होतं, तोंड कोरडं पडलं होतं. त्या थांबल्या नाहीत.

माथ्यावर त्या सगळ्यांच्या आधी पोचल्या. फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा सुधाकरराव बोलले. मागे सोंगट्यांचा खडखडाट.

"कुठे आहात तुम्ही?"

"शेजारी, अरविंदकडे. कॅरम खेळून राहिलोय. फोन कोटात होता."

"माझ्या इथे काय काय मनात आलं, ठाऊक आहे?"

ते खडखडाटापासून दूर गेले. मग हळूच म्हणाले, "स्मिता, रागावू नकोस. आज दुपारभर मला कोणी विचारलं नाही, बरं वाटतंय का म्हणून. इतकं बरं वाटलं!"

बाईंनी "ठीक आहे" म्हणून फोन ठेवला. देवयानी धापा टाकत वर आली, तेव्हा त्या मंदिराच्या कठड्यावर बसून रडत होत्या.

"काय झालं? भाऊजी ठीक आहेत ना?"

"मजेत आहेत," त्या म्हणाल्या. सुटकेचं रडू होतं की रागाचं, त्यांनाच कळेना.

त्या रात्री तंबूत रेंज नव्हती आणि त्यांनी फोन काढूनही पाहिला नाही, पण झोपही आली नाही. सकाळी चहा व्हायच्या आत यतीनला सांगून त्या एकट्याच अर्ध्या चढापर्यंत जाऊन आल्या. वर कोणाला फोन करायचा नव्हता, तरी पाय स्वस्थ बसू देत नव्हते.

आता त्या मधल्या सुट्टीत एकदाच फोन करतात. कधी दोनदा. महिन्यातून एक डोंगर ठरलेला असतो. पुढचा ट्रेक कधी, हे सुधाकररावच विचारतात, जरा जास्तच उत्साहाने, आणि बाईंना त्याचा अजूनही राग येतो.