नाव ठेवायची अट

आमच्या यजमानांनी एक कंपायलर लिहिला होता. कंपायलर म्हणजे काय ते मला अजूनही नीट कळलेलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, कळल्याचं सोंग करत नाही. माझ्या मोठ्या जावेचा गोंधळ तर माझ्याहून मोठा होता. तिला वाटायचं, दीर कंपाउंडर झाले. गावाहून आदिलाबादला आमच्याकडे आली की ती त्यांच्याजवळ पोरांच्या खोकल्याचं औषध मागायची. ते नाही म्हणाले की मला ऐकवायची, "मोठ्या दवाखान्यात काम करून राह्यला, अन् घरच्या माणसाले एक गोळी देत नाही."

ते आधी हैदराबादला एका हापिसात कॉम्प्युटरवर होते. तिथलं सोडून आदिलाबादला आले आणि पॉलिटेक्निकात शिकवायला लागले. हापिस सोडल्यापासून ही नोकरी लागेपर्यंत मधे बराच काळ ते घरीच होते. त्या काळात त्यांनी हे केलं. यंत्र स्वयंपाकघरात होतं, कारण घरातला एकुलता एक पंखा तिथे. जिथे पिठाचा डबा असायचा तिथे ते यंत्र, आणि पिठाचा डबा दाराआड. शेजारच्या बाया विचारायच्या, साहेब दिवसभर घरी काय करतात? मी सांगायची, टाइप करतात.

एकदा मीच विचारलं की हे नक्की आहे तरी काय. ते म्हणाले, कचेरीत दुभाषा असतो ना, तसं. माणूस पास्कल नावाच्या एका भाषेत लिहितो, यंत्राला ती कळत नाही. हा मधे बसतो. पण हा कचेरीतल्या दुभाष्यासारखा वाक्यावाक्याला तोंड घालत नाही. आधी अख्खा अर्ज वाचतो, चूक सापडली तर परत पाठवतो, नसली तर सगळा अर्ज एकदम यंत्राच्या भाषेत उतरवून देतो. एवढं मला समजलं. मग ते म्हणाले, आता मी हा कंपायलर पास्कलमध्येच लिहिला आणि त्याच्याकडूनच त्याचं भाषांतर करून घेतलं. तिथे माझं डोकं बंद पडलं. दुभाष्यानं स्वतःचाच अर्ज वाचला?

"दह्याला विरजण कशाचं लावतेस?" त्यांनी विचारलं.

"दह्याचं."

"मग पहिलं दही कुठून आलं?"

"शेजारणीकडून."

"शेजारीण नाही म्हणाली तर?"

मी म्हटलं, लिंबू पिळायचं. ते खूश झाले. म्हणाले, मी तेच केलं. पहिला एक वेडावाकडा, लहानसा कंपायलर हातानं यंत्राच्या भाषेत लिहिला. त्यावर दुसरा लावला. आता लिंबाची गरज नाही. ज्या दिवशी तो स्वतःच स्वतःला उलगडायला लागला, त्याच आठवड्यात ते छापलेल्या कागदांची चळत घेऊन बासरला गेले आणि सरस्वतीपुढे ठेवून आले. पुजाऱ्यानं तेलुगूत विचारलं, हे कोणतं पुस्तक? यांनी सांगितलं, अजून कोणी वाचलेलं नाही असं.

मग त्यांनी तो विकायला काढला. चालू केला की पडद्यावर पहिल्या ओळीत त्यांचं नाव, त्याखाली आमच्या घराचा पत्ता, आणि त्याखाली इंग्रजीत, परवाना घेतल्याशिवाय वापरू नये. काही कॉलेजांनी परवाने घेतले. पुढे परदेशातला एक कंपायलर आला, तो जास्त वेगानं चालायचा आणि स्वस्त होता. यांना विचारणारं कोणी उरलं नाही. त्यांनी यंत्रावर चादर घातली. त्याबद्दल घरात पुन्हा बोलणं झालं नाही. ते गेल्यावर मी ते यंत्र भंगारवाल्याला देऊन टाकलं. जागा अडत होती.

आणि आता इतक्या वर्षांनी पुण्याहून एका माणसाचा फोन आला. त्यानं सगळं सांगितलं, मी अर्धंच ऐकलं. तो आणि त्याचे मित्र जुने कंपायलर हुडकून पुन्हा चालते करतात. एका कॉलेजच्या अडगळीत यांची फ्लॉपी सापडली होती, नावाखालच्या पत्त्यावरून त्यानं माझा नंबर काढला. बोलणं गोड होतं. शेवटी म्हणाला, "काकू, त्याच्या लायसनबद्दल तुमच्याशी बोलायचं होतं. ते आता तुमच्याकडेच आहे ना?"

माझं माहेर उटनूरकडचं. तिकडे आम्हाला एकच परवाना माहीत, सागवानाचा. अंगणात चौकटीचं लाकूड पडलेलं असलं आणि जंगलखात्याचा शिपाई येऊन परवाना आहे का म्हणाला, तर लहान पोरसुद्धा सांगायचं, हे आमचं नाही. कुणाचं आहे? माहीत नाही. मी तेच म्हटलं.

"ते आमचं नाही."

"काकू, पण पत्ता तर तुमच्याच घराचा आहे."

"पत्ता कोणीबी टाकते. आमचं नाही ते." आणि मी फोन ठेवला.

मला वाटलं, झंझट टळली. सणाला मुलगी हैदराबादहून आली तेव्हा बोलता बोलता तिला सांगितलं. तिनं हातातला कप खाली ठेवला.

"आई, तू काऊन असं म्हटलं?"

"तो परवाना विचारून राह्यला होता. तुझ्या बापानं काढला होता की नाही, मले काय माहीत?"

"बाबांनी काढायचा नव्हता. बाबांनी द्यायचा होता. तो आपल्याला मागून राह्यला होता, आई."

हे डोक्यात शिरायला मला वेळ लागला. परवाना सरकार देतं, आपण घेतो, एवढं जन्मभर पाहिलेलं. आमच्या घरातून परवाना निघतो ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. मुलीनं त्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, घरचे लोक आमचं नाही म्हणतात असं त्यानं मित्रांना कळवून टाकलं, त्यांनी तो कंपायलर बाजूला ठेवला. धनी सापडत नाही त्याला कोणी हात लावत नाही.

"मग बरंच झालं की," मी म्हटलं. "बेवारस आहे, घेऊन टाका म्हणावं."

"तसं होत नाही. बेवारस असला तर कोणालाच घेता येत नाही. तो तसाच पडून राहणार, अन् फ्लॉपी खराब झाली की संपला."

इथे मी पुन्हा गोंधळले. आमच्या गावात बेवारस ढोर कोंडवाड्यात जातं, कोणी आलं नाही तर लिलावात निघतं, ज्याला पाहिजे तो घेतो. इथे उलटं. मालक असला तर सगळ्यांना मिळेल, नसला तर कोणालाच नाही. हा कायदा कोणी केला कुणास ठाऊक. पण एवढं कळलं की माझ्या एका वाक्यानं यजमानांची तेवढी वर्षं कोंडवाड्यात गेली होती, आणि सोडवून आणायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

फोन मोठ्या आवाजावर ठेवून मी बोलायला बसले. तो माणूस आता जपून बोलत होता.

"काकू, मागे तुम्ही नाही म्हणालात, आता हो म्हणताय. आम्ही खरं काय धरायचं?"

"मागचं खोटं. परवाना म्हटलं की आमच्याकडे नाहीच म्हणतात."

"बरं. त्यांनी हा नोकरीत असताना लिहिला की नंतर? नोकरीत असताना लिहिला असेल तर हापिसाचा हक्क येतो."

"नोकरी नव्हतीच तेव्हा. माझ्या स्वयंपाकघरात लिहिला. माझ्या पिठाले मुंग्या लागल्या त्याच्यापायी."

हे तो लिहून घेत असावा, कारण त्यानं मुंग्यांबद्दल पुन्हा विचारलं. मग अटी सांगितल्या. कोणीही फुकट घ्यावा, वापरावा, बदलावा, पुढे द्यावा. "फक्त एक अट राहील, काकू. जो कोणी घेईल, त्यानं काकांचं नाव ठेवायचंच."

मी मुलीला म्हटलं, बंद कर फोन.

"काय झालं?"

"फुकट न्यायचं अन् वरून नाव ठेवायचं? नावं ठेवायले इथं भाऊबंद कमी पडले काय?"

दोघं हसत सुटली. तिकडून तो म्हणाला, "नाही हो, नाव ठेवायचं म्हणजे पुसायचं नाही. तसंच राहू द्यायचं."

"मग राहू द्यायचं असं म्हणा."

"राहू द्यायचं."

"आणि चुका काढल्या तर?"

"त्या काढणारच. मोकळा करायचा तो त्यासाठीच."

मी विचारलं, हे सगळं दिल्यावर माझ्याकडे काय राहील? सगळंच राहील, तो म्हणाला. मग दिलं काय? परवानगी, म्हणाला. आणि पत्त्याखालचं ते वाक्य, परवान्याशिवाय वापरू नये, ते काढणार का? नाही, ते यांनीच लिहिलेलं, म्हणून तेही राहील. म्हणजे आतून यजमान नका वापरू म्हणणार आणि बाहेर माझी सही वापरा म्हणणार. असं घरात बरेचदा व्हायचं, म्हणून मी म्हटलं, पाठवा कागद.

कागद इंग्रजीत आला. मुलीनं तो मराठीत वाचून दाखवला, अडली तिथे तेलुगू शब्द घातले, तरी मला त्यातलं नावाचं तेवढं कळलं. तेवढं वाक्य मी तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग सही केली.

मधे काही महिने गेले. परवा पुन्हा फोन आला. कंपायलर चालला. ब्राझील नावाच्या देशातल्या कोणीतरी तो घेतला आणि त्यात एक चूक शोधली, शब्द लांबलचक असला की तो शेपूट कापतो. त्या माणसानं ती दुरुस्त करून पाठवली, आणि खाली लिहिलं की मूळ चूक अमक्याची, म्हणजे आमच्या यजमानांची, नावानिशी.

"म्हणजे ठेवलंच शेवटी नाव," मी म्हटलं.

"ठेवलं, काकू," तो म्हणाला. त्याला कोणतं ठेवणं म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही.

मोठी जाऊ आता फारशी उठत नाही. तिच्याजवळ बसून मी सगळं सांगितलं, परदेशातल्या माणसानं तिच्या दिराची चूक काढली तेही.

"मी तवाच म्हणत होती," ती म्हणाली. "चुकीचं औषध दिलं असंल कोणाले."