मावसा आणि वरपक्षाचे डॉक्टर

आमच्या मावसांनी जुळवली तितकी लग्नं बालाघाट जिल्ह्यात प्रत्यक्ष ब्रह्मदेवानेही जुळवली नसतील. मुलगी किरनापूरची, मुलगा लालबर्‍याचा आणि मध्ये सायकलवर मावसा, असा तो काळ होता. मुला-मुलीची पसंती त्यांच्या हिशेबी दुय्यम. पाहुणचारातल्या कढीवर त्यांचा कौल ठरे. उतारवयात विसर पडू लागला तेव्हा घरातली माणसं एकेक करून त्यांच्या मनातून उठून गेली, सोयरीक तेवढी राहिली. दूधवाल्यालाही ते खाटेवर बसवून विचारत, "पोरगं काय करते तुमचं?" तोही सरावला होता. "शेती पाह्यते," म्हणून दूध मापायला लागे. माझ्या मावशीला, म्हणजे स्वतःच्या बायकोला, ते वधूची आत्या समजून फार अदबीने वागवत. "एवढी इज्जत लग्न झाल्यापासून भेटली नव्हती मले," मावशी म्हणायची आणि त्यांच्या ताटात आणखी भात वाढायची.

मी तेव्हा नोकरीसाठी त्यांच्याकडेच राहत होतो. हिवाळ्याचे दिवस होते, वैनगंगेवरचं धुकं गल्लीत शिरून दुपारपर्यंत रेंगाळायचं. त्या दिवसांत मावसा एकाएकी बदलले. आल्यागेल्याला दारातूनच परतवू लागले, भिंतीकडे तोंड करून पेंगू लागले. मावशी अंग पुसायला गेली तर तिचा हात झटकून टाकत. कपाळ थंड होतं. शेजारी म्हणाले, विसरणं वाढलं, वयच झालं आता.

"विसरणं असं एका रात्रीत वाढते काय?" मावशी मला म्हणाली. "यायले काहीतरी दुखून राह्यलं. सांगता येत नाही त्यायले. तू डॉक्टरले घेऊन ये."

डॉक्टर आले. "कुठं दुखते?" त्यांनी विचारलं.

"कुठीच नाही," मावसा म्हणाले आणि छातीला नळी लावू देईनात. "ओळख ना पाळख, काहून हात लावता?"

मावशीने डॉक्टरांच्या कानात काही सांगितलं. डॉक्टरांनी नळी खिशात ठेवली, खाटेवर बसून हात जोडले. "मी पोराचा बाप. पोरगी पसंत आहे आम्हाले. पण लग्नात धावपळ तुम्हीच करणार, तर आधी तुमची तब्येत पाहून घेतो."

मावसांनी बराच विचार केला. "हौ. हे बरोबर आहे," म्हणत सदऱ्याच्या गुंड्या स्वतःच सोडल्या.

आता डॉक्टर काहीच विचारत नव्हते, नुसता चेहरा पाहत होते. उजव्या कुशीवर हात पडताच मावसांच्या भुवया आक्रसल्या, तोंडाने मात्र म्हणाले, "काही नाही." श्वास उथळ आणि भराभर चालला होता. डॉक्टर नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले.

"न्यूमोनिया आहे," ते मावशीला म्हणाले. "या वयात कधी कधी तापही येत नाही. तुम्ही अजून थांबले असते तर हे हाती लागले नसते."

पेनिसिलीन सुरू झालं. वराचे वडील रोज सुई घेऊन येत, आणि मावसा रोज नव्याने त्यांची ओळख करून घेत. हळूहळू ते उठून बसू लागले. आठवण काही परत आली नाही. तशी आशा कुणी धरलीही नव्हती.

एका दुपारी ते अंगणात उन्हाला बसले होते. मावशी त्यांच्या पाठीला तेल चोळत होती. या वेळी त्यांनी हात झटकला नाही.

"बाई, तुमचं लग्न झालं आहे काय?" त्यांनी विचारलं.

"हौ."

"नवरा कसा आहे?"

"चांगला आहे," मावशी म्हणाली. "मधात आजारी होता. आता बरा आहे."

मावसा ऊन पाहत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "सांभाळा त्याले."