गुलाबमामाची एक खोटी हाक

त्या दिवशी गुलाबमामा उजाडायच्या आंधीच उठले, मफलर कानाले गुंडाळला अन् चहाबी न घेता गावावरच्या बरडाकडं, त्या खडकाळ माळाकडं, निघाले. आंगात तीन दिवसाचा ताप. सिंधूमामी दारातच आडवी आली. म्हणे, थंडी सरू द्या, मंग जा, पाखरं काय पळून चालले का?

मामा म्हणे, "पळूनच जातेत ना ते. चार दिस पळसावर बसतेत अन् जातेत."

मामीनं त्याईच्या खिशात दोन बिस्किटं कोंबली अन् बाजूले सरली. ते बाजूले सरणं तिले आता रोज आठवते.

मामा भोरडी पाह्याले गेलते. भोरडी म्हंजे साळुंकीएवढं पाखरू, डोकं काळं अन् आंग गुलाबी. हिवाळ्यात लई लांबून येते. परत जातांनी पळस फुलला का आमच्या बरडावर थव्यानं उतरते.

जवानीत मामा लोकाईच्या ज्वारीची राखण करत. मचाणावर गोफण घेऊन उभे. थवा दिसला का "आली होऽ" म्हणून हाक द्यायची, का साऱ्या शिवारातले राखणदार हातचं सोडून गोफणी उचलत. कोणाची हाक खोटी निघाली तं दुसऱ्या दिवशी त्याच्या मचाणाले लोकं फुटकं गाडगं बांधत. मामाच्या मचाणाले ते कधी लागलं नाई.

मंग ज्वारी गेली, सोयाबीन आलं, मचाणं गेली. पण बुलढाण्याच्या कॉलेजातल्या पुष्पांजली मॅडम पाखराईच्या तारखा वहीत लिहितेत. गेल्या आठ सालापासून पहिला थवा आला का मामा त्याईले फोन लावत, "आली" एवढंच म्हणत, अन् त्या तारीख लिहीत.

औंदा मामानं फेब्रुवारी लागल्याबरोबरच फोन केला. मॅडम कॉलेजची पोरं-पोरी घेऊन कुडकुडत बरडावर आल्या. दुर्बिणी लावून पाह्यलं तं साध्या साळुंक्या. मामाच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलता, पण घरात त्याईनं कोणाले सांगतलंच नव्हतं. मॅडम घरी येऊन चहा पिऊन गेल्या. पानटपरीवर गावातल्या हरिओमनं मात्र सोडलं नाई.

"काऊन गुलाबबाबा, औंदा भोरडीनं गुलाबी पातळ धुवाले टाकलं का?"

सारे हासले. मामाबी हासले. घरी आले अन् जेवलेच नाई. सिंधूमामीले म्हणे, "एक हाक खोटी गेली वं."

मामी म्हणे डोळे दाखवून येऊ. तं म्हणे एकडाव खरी हाक देतो, मंग कुठं न्यायचं तिथं ने. दिसत नाई तं आवाजानं ओळखतो म्हणे, साऱ्या मिळून एकदमच कालवा करतेत त्या. तवापासून रोज सकाळी बरड. ताप आला तरी बरड.

त्या दिवशी दहा वाजले तरी मामा आले नाई. मामी चुलीवरचं तसंच ठेवून वर बरडावर गेली. मामा पळसाच्या बुडाले टेकून बसलेले. इतक्या थंडीत कानावरचा मफलर सोडून मांडीवर ठेवलता. तिनं हात लावला तं आंग गार पडलं होतं. ती तिथंच त्याईच्याजवळ बसली. बिस्किटं खिशात तशीच होती. फोन हातात होता. पोरानं, प्रेमानंदनं, नंतर तो पाह्यला, कोणालेच लावलेला नव्हता.

विहारात मामाच्या नावानं वंदना झाली, मांगून पुण्यानुमोदनाचं जेवण झालं. मॅडम आल्या होत्या. त्याईनं पिशवीतून वही काढली अन् मामीजवळ बसल्या. म्हणाल्या, "मामी, मामांनी यंदा सांगितलेली तारीख मी तशीच ठेवते, त्यांच्या नावानं. कोणी तपासत नाही."

मामीले वाचता येत नाई. तरी तिनं वहीच्या पानावर बोट ठेवलं.

"खोडा बाई ते. साळुंक्या होत्या त्या. त्याईलेबी ठावं होतं."

मॅडमनं रेघ मारली. "मग कोणती लिहू? मामा गेले त्या दिवशी भोरड्या झाडावर होत्या का?"

"मले नाई ठावं. मी झाडाकडं पाह्यलंच नाई. मी त्याईच्याकडंच पाहून राह्यली होती."

मॅडमनं वही मिटली. बाहेर हरिओम मांडवातल्या खुर्च्या एकात एक रचून राह्यलता, मान वर न करता. मामीनं दारातूनच त्याले आवाज दिला, म्हणे चहा घेऊन जाय बाप्पा, सकाळपासून उपाशीच हायस.