त्या संध्याकाळी बायका प्लॉटवर नव्हत्या

माझं अक्षर मोत्यासारखं आहे, असं शाळेपासून सगळे म्हणत आले. या अक्षराची किंमत मोजली ती माझ्या चुलत सासूनं, काकूंनी.

अंबडहून शहागडकडं जाताना आत वळलं की आमचं गाव लागतं. गावात हिरव्या जाळीची दहा-बारा शेडनेट आहेत. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, आत भाजी पिकते. पण तिथं भेंडीचं बियाणं तयार होतं, आणि ते तयार करतात बायका. ऊन कललं की मादीच्या ओळीतली उद्या उमलणारी कळी हेरायची, ती नखानं उलगडून आतला पराग खरवडून टाकायचा आणि वर लाल कागदाची टोपी घालायची. सकाळी नराच्या ओळीतलं फूल आणून तिच्यावर घासायचं, दोरा बांधायचा. संध्याकाळी हातून सुटलेली कळी सकाळी आपल्याच परागावर फळते. असं फूल दिसलं की तोडून फेकायचं, नाहीतर बियाण्यात भेसळ होते.

या कामासाठी आम्ही उजव्या अंगठ्याचं नख वाढवतो. मी लग्न होऊन आले तेव्हा काकूंनी आधी माझा अंगठा बघितला. "बारावी शिकली म्हणं! अन् नख कुठंय?" सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. मला असा राग आला होता! पुढं त्यांनीच हात धरून सगळं शिकवलं. उद्याची कळी आणि परवाची कळी यांतला फरक काकूंना लांबूनच कळायचा.

काकूंना नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. वीस गुंठे रान होतं, तेही त्यांच्या स्वतःच्या नावावर. त्यात आपलं शेडनेट उभं करायचं आणि बियाण्याच्या कंपनीचा करार आपल्या नावानं करायचा, एवढंच त्यांना पाहिजे होतं. कंपनीच्या साहेबांना त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "भाऊंच्या प्लॉटवरचा हा माल पास होऊ द्या मावशी, पुढच्या हंगामात तुमचं बघू." भाऊ म्हणजे आम्ही ज्यांच्या नेटमध्ये राबायचो ते. साहेबांच्या 'बघू'चा अर्थ शेंबडं पोरही सांगेल, पण काकू दुसऱ्याच दिवशी जालन्याला जाऊन शेडनेटचे पाइप बघून आल्या.

अशातच कंपनीनं अंबडच्या एका मंगल कार्यालयात महिला शेतकऱ्यांचा मेळावा ठेवला. दुपारी भाऊ टेम्पो घेऊन हजर झाले. "चला, जल्दी बसा. खुर्च्या रिकाम्या दिसल्या न्हाई पाह्यजेत."

"अन् आजच्या कळ्या?" काकूंनी विचारलं.

"एका दिवसानं काय होतंय? साहेबाला शबुद देऊन बसलो मी."

तिथं आम्हाला फेटे बांधले. बायकांच्या कष्टावर एका पुरुषानं पाऊण तास भाषण ठोकलं. उत्कृष्ट महिला शेतकरी म्हणून साहेबांच्या हातून काकूंना शाल आणि नारळ मिळाला. आभार मी मानले. परत आलो तेव्हा अंधार पडला होता.

सकाळी नेटमध्ये गेलो तर मादीच्या ओळीच्या ओळी पिवळ्याधमक. "समदी तोडा," काकू म्हणाल्या आणि स्वतः तोडायला लागल्या. तेवढ्यात भाऊ धावत आले.

"येवढा माल फेकून राह्यले? नर घासा अन् दोरे बांधा. कुणाला कळतंय?"

"बियाला कळतंय, भाऊ."

"प्लॉट कुणाचा हाय, काकू?"

आम्ही मुकाट्यानं घासलं. मीही घासलं आणि काकूंनीही.

कंपनी थोडं बी आधी पेरून बघते. त्यात भलतीच झाडं निघाली आणि माल फेल गेला. साहेब चौकशीला आले. भाऊंनी तारखेसकट सांगितलं, त्या दिवशी बायका कामाला आल्याच नाहीत, काकू त्यांची म्होरकी. चोराच्या उलट्या बोंबा! लिहिता येणारी म्हणून साहेबांनी मला बोलावलं. त्या संध्याकाळी बायका प्लॉटवर होत्या का, एवढंच विचारलं. मी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'त्या संध्याकाळी बायका प्लॉटवर नव्हत्या,' आणि खाली सही केली. आम्ही कुठं होतो हे या माणसाला काय सांगायचं, असं मला वाटलं. काकूंना शाल तर यानंच पांघरवली होती! माझ्या शिक्षणाला आग लागो.

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "काय लिव्हलंस?"

मी सांगितलं.

"खरंच हाय की. अन् आपण कुठं गेल्तो ते?"

"ते विचारलं नाही त्यांनी."

काकू म्हणाल्या, "मला लिव्हता आलं असतं तर मी न इचारता लिव्हलं असतं."

राहिलेलं लिहून द्यायला मी कंपनीच्या जालन्याच्या ऑफिसात दोनदा गेले. पहिल्यांदा साहेब भेटलेच नाहीत. दुसऱ्यांदा भेटले. "कागद वर गेला ताई, आणि सही तुमचीच आहे," म्हणाले. चहाही पाजला.

करार तर बाजूलाच राहिला, वर काकूंना कुठल्याही नेटमध्ये पाऊल ठेवायची बंदी झाली. कापूस वेचून, खुरपणी करून त्यांनी एक वर्ष काढलं. मग गुडघे गेले आणि वीस गुंठे ठोक्यानं, म्हणजे खंडानं, द्यावे लागले. दुसरं कुणी पुढं आलं नाही, घेतले ते भाऊंनीच. त्यावर आज शेडनेट उभं आहे, कंपनीचा करार भाऊंच्या नावानं आहे आणि मी तिथं कामाला जाते. न जाऊन काय करू? माझंही घर आहे.

काकू शेळी घेऊन बांधावर येतात. नव्या पोरी आतून कळी दाखवतात, "काकू, ही उद्याची का परवाची?" काकू हिरव्या जाळीला डोळा लावून सांगतात. अजून एकदाही चुकल्या नाहीत. मी शक्यतो लांबची ओळ धरते.

परवा ऊन फार होतं. मला राहवलं नाही. मी जाळीपाशी जाऊन म्हटलं, "काकू, आत या, जरा सावलीला बसा. तुमचंच तर रान आहे."

"नको पोरी," काकू म्हणाल्या, "भाऊनं बघितलं तर तुझं काम जाईल."

त्यांचं बरोबर होतं. मी पुन्हा आत बोलावलं नाही.