आमची चाळ म्हणे टेकडीवर!

मित्रांनो, तुमची मदत हवी आहे.

आमच्या मुंबईतल्या घोडपदेवच्या चाळीला पावसाचं तुंबलेलं पाणी उपसायचा पंप द्यायचा की नाही, यावर उद्या वॉर्ड ऑफिसात सुनावणी आहे आणि बोलायचं मला आहे. चाळ खोलगट जागेत आहे हे दाखवायला माझ्या भाचीने, प्राजक्ताने, उपग्रहाचा उंचीचा डेटा इंटरनेटवरून फुकट उतरवला आणि कॉम्प्युटरच्या टर्मिनलमध्ये एक कमांड देऊन नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढल्या.

रेषा बघून मी ओरडलोच, "अगं, आपली चाळ टेकडीवर कशी?"

"मामा, या डेटात जमीन नाही, छपरं मोजलीत. शेजारचा टॉवर धरून सगळा डोंगर झालाय."

"मग जमिनीची उंची काढ ना!"

"कुठून काढू? भाषण ठोकून डेटा बदलत नाही, मामा!"

वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांपुढेही हाच फुकटचा डेटा असला तर? दर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहणारी आमची माणसं कागदावर डोंगरावर राहतात!

हा नकाशा चुकीचा का आहे, हेच मी उद्या आधी सांगणार. पण नुसत्या बोलण्यावर विश्वास कोण ठेवेल? घोडपदेवच्या रस्त्यांची प्रत्यक्ष मोजलेली उंची तुमच्यापैकी कुणाकडे आहे का? असेल तर आजच कळवा.