गरब्याच्या ठेक्यावरची पेशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. आणि सांगताना हसू येतंय, तेही कबूल करते.

सिल्वासाच्या आमच्या कॉलेजात आम्ही जिवंत पेशी दाबून बघायचो. केसाहून बारीक टोक पेशीवर अलगद टेकवायचं आणि ती किती दबते ते मोजायचं — मऊ की कडक? कॉम्प्युटरवर त्याची रेष उमटते. रस्त्यावरून ट्रक गेला तरी ती थरथरायची, म्हणून सरांनी यंत्राखाली स्कूटरच्या फुगवलेल्या ट्यूबा घातल्या होत्या.

नवरात्रात एका दुपारी माझी रेष लयीत वरखाली होऊ लागली. पेशी घडीत मऊ, घडीत कडक — चक्क नाचतेय! सर धावत आले, पेढे वाटले गेले. इतकी मी माझ्या लग्नातसुद्धा मिरवले नव्हते.

मग त्याच जागेवर सुनंदा बसली. माझी धाकटी सहकारी, धुळ्याची. वडील नरोलीच्या कारखान्यात. तिची रेष सरळच. सर प्रेमानेच म्हणाले, "तुझा हात जड आहे, पोरी." संध्याकाळी तिने मला हळूच विचारलं, "ताई, मना हात खरंच जड शे का?"

"सवयीने येईल गं," मी म्हणाले.

कसं सांगू — तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. तिने विचारलं त्याच्या आदल्याच दिवशी कळलं होतं. शेजारच्या मंडपात गरब्याची तालीम चालली होती आणि माझा पाय यंत्राच्या मेजाला ठेका देत होता. पाय उचलला — रेष सरळ. टेकवला — पेशी नाचू लागली. खोलीत एकटीच होते; पोट धरून हसले. मग फक्त दार उघडून सरांना हाक मारायची होती. नाही मारली. पेढे वाटून झाल्यावर कोणत्या तोंडाने सांगणार होते?

सुनंदा महिनाभर माझ्या शेजारी बसून हात हलका करायला शिकत होती. शिकवत कोण होतं? मीच. मग तिने हे काम सोडलं आणि गलोंड्याला एका कारखान्यात नोकरी धरली. सर निवृत्त झाले. फोनवर अजून त्या पेशीचं कौतुक करतात, आणि मी ऐकून घेते.

तो दिवस आठवला की मला आजही आधी आनंदच होतो, लाज मागून येते. सुनंदाची सरळ रेष बरोबर होती. तिचा हात आमच्यात सगळ्यांत हलका होता.